आसरांच्या पायाखालची फरशी

सुशोभीकरण हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. घरातले आता तो शब्द माझ्यासमोर काढतच नाहीत. केडगावात आमच्या चौकाचं सुशोभीकरण निघालं तेव्हा मुलाने मला चार दिवस बहिणीकडे धाडून दिलं. लोकांना वाटतं, म्हातारपणी शैलाताई चिडचिडी झाली. चिडचिडी मी तरुणपणीही होते. फरक एवढाच, की तेव्हा कारणं शोधायला लागायची आणि आता ती पाटी लावून, नारळ फोडून समोर येतात.

माझा धंदा सहलींचा. पावसाळ्यात फक्त बायकांना घेऊन जायचं, अकोले तालुक्यातल्या डोंगरात, अभयारण्यातले धबधबे दाखवायचे आणि त्याच रात्री घरी आणून सोडायचं. भिशीचे गट, बचतगट, भजनी मंडळं, कधी एखाद्या शाळेच्या शिक्षिका. पहाटे केडगावातून टेम्पो ट्रॅव्हलर निघायची आणि राहुरी, लोणी, संगमनेर करत डोंगराला लागायची. आमच्या बाजूला पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेण्याआधीच उठतो. टँकरच्या पाण्यावर संसार केलेल्या बायका डोंगरावरून नुसतंच वाहून जाणारं पाणी बघायच्या आणि पहिला शब्द निघायचा तो, "अगंबाई, एवढं वाया चाललंय!"

या धंद्यात काय लागतं असं कुणी विचारलं की मी सांगते, आधी संडासांचा नकाशा. धबधबे कुठे पळून जात नाहीत. पण सकाळी निघालेल्या बायकांना वाटेत कुठे नेऊन उभं करायचं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने बायकांची सहल काढू नये. पेट्रोलपंपावरच्या संडासाला कुलूप असतं. किल्ली मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर जेवायला गेलेला असतो. या कुलपांपायी मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नसेन. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे जायला लागायचं नाही, असं ठरवून घरून निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पाणी बघायला निघालेल्या बायका आणि घसा कोरडा. याचा राग कुणाला येत नाही, म्हणून तो सगळा मलाच यायचा.

दुसरी गोष्ट जोड्यांची. डोकी मोजत बसणं मला कधी पटलं नाही. मी गाडीतच जोड्या लावून द्यायची आणि दिवसभर एकमेकींना सोडायचं नाही अशी ताकीद द्यायची. त्यात एक गोम होती. मैत्रिणी-मैत्रिणींची जोडी लावली की दोघी मिळून हरवतात. सख्ख्या सासू-सुनेची लावली की एक पुढे चालते आणि दुसरी मुद्दाम मागे राहते. म्हणून सासूला दुसरीच्या सुनेबरोबर बांधायचं. परक्या सुनेशी सासवा इतक्या गोड वागतात, की घरची सून गाडीत तोंडात पदर धरून हसायची.

गिऱ्हाइकंही एकेक होती. एका आजींनी विचारलं, धबधबा किती वाजता सोडतात? गाडीभर हशा झाला. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. धरणाखालचा धबधबा धरणातून पाणी सोडलं की मोठा होतो, त्यांना तेच माहीत होतं. दुसरी एक, कुणाशी फारसं न बोलणारी. धारेखाली जाऊन उभी राहिली ती निघेचना. शेवटी मी ओढायला गेले तर म्हणाली, "ताई, इथं कुणाची हाकच ऐकू येत नाही हो." तिला मी आणखी थोडा वेळ राहू दिलं. त्या दिवशी घरी पोचायला उशीर झाला आणि तिच्या नवऱ्याची बोलणी मी खाल्ली. मुकाट्याने मात्र खाल्ली नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमची शेवटची जागा एक लहान, आडवाटेचा धबधबा असे. नाव मुद्दाम सांगत नाही, आधीच तिथे जत्रा भरते. गाडी थांबते तिथून उतरलं की ओढा लागतो. ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत पलीकडे गेलं की मोठा सपाट कातळ, आणि कातळाच्या टोकाला धबधब्याचा डोह. जायची वाट ती एकच आणि यायचीही तीच. कातळाच्या कडेला, पाण्याच्या अगदी लगत, उंबराच्या मुळांत शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. आपल्याकडे विहिरीवर, डोहावर असतात त्याच पाण्याच्या देवी. बायका त्यांना हळदकुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या ठेवतात.

या आसरांची देखभाल ठकूबाई करायची. तिचं घर ओढ्याच्या अलीकडच्या वाडीत. आमचं जेवण तिच्याकडे असायचं, नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवणं झाली की पुढे होऊन ती आम्हाला धबधब्यावर न्यायची. कातळावर सगळ्या जमल्या की दर खेपेला तिचं एकच वाक्य: "आसरांचं पाय भिजलं की उठायचं. मग ताटात काय बी असू द्या."

हे वाक्य भक्तीचं नव्हतं, किंवा नुसतं भक्तीचं नव्हतं. पाऊस वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर पडतो, तिथे काय चाललंय ते धुक्यात दिसत नाही. खाली नुसती भुरभुर असते आणि ओढ्याला पाणी चढत असतं. धबधब्यासमोर बसलेल्या माणसाला चढतं पाणी कळत नाही. आवाज तोच, फेस तोच. म्हणून जुन्या माणसांनी ते दगड नेमके तिथे बसवले होते. पाणी त्यांच्या पायाशी लागलं तरी ओढ्यातले दगड अजून उघडे असायचे, परतता यायचं. त्यानंतर थोड्याच वेळात ते बुडायचे. खांबावर आकडे लिहून ठेवले असते तर कुणी त्यांच्याकडे बघितलं नसतं. शेंदूर लावला म्हणून सगळे बघायचे. कितीतरी पावसाळे आम्ही त्या सात दगडांच्या भरवशावर काढले, आणि अर्धं जेवण टाकून उठायची वेळ अनेकदा आली.

मग कुणीतरी निधी आणला.

त्या मोसमातली पहिली सहल घेऊन गेले तर ठकूबाई गाडीपाशीच येऊन उभी. नवं लुगडं नेसलेली, चेहरा फुललेला. "ताई, आमच्या आसरांना घर झालं," म्हणाली आणि हाताला धरून मला घेऊन गेली. कातळाच्या वरच्या अंगाला, माणूसभर उंचीवर, सिमेंटचा ओटा. त्यावर चकचकीत फरशी, वर पत्रा, पुढे स्टीलचा कठडा, घंटा, दानपेटी. आणि सातही आसरा ओळीने सिमेंटमध्ये पक्क्या बसवलेल्या. शेजारी काळ्या दगडाची पाटी. पाटीवर आसरांपेक्षा माणसांची नावं जास्त होती.

ठकूबाईला काय आनंद झाला होता ते सांगून समजायचं नाही. जन्मभर तिच्या देवी चिखलात बसलेल्या, शेवाळात माखलेल्या. वरची फरशी तिने स्वतः डोक्यावरून वाहिली होती, मजुरी न घेता. मी घंटा वाजवली, नमस्कार केला. मग आम्ही कातळावर उतरलो आणि ठकूबाईने नेहमीचं वाक्य नेहमीसारखं म्हटलं. मीही नेहमीसारखी मान डोलावली. दोघींनाही काही खटकलं नाही. मान वळवून आसरांकडे बघायची सवय एवढी अंगात मुरलेली, की मी अधूनमधून वर बघत होते, पाय कोरडे दिसत होते आणि मी निर्धास्त होते.

त्या दिवशी कोपरगावच्या एक पुष्पाकाकू बरोबर होत्या. सकाळपासून त्यांनी माझा जीव खाल्ला होता. खिडकी नको, मग खिडकी हवी, चहा गोड, पिठलं तिखट. घरून चिनीमातीची बरणी भरून ताक आणलेलं, ते गार व्हावं म्हणून कातळाच्या कडेला पाण्यात बसवून ठेवलेलं. दुपार कलली आणि एकाएकी काकूंनी आरडाओरडा मांडला, बरणी चोरीला गेली म्हणून. जोडीला केडगावची एक नवी सून दिली होती, तिच्यावर आळ.

"आल्यापास्नं माझ्या ताकावर हिची नजर हाय," काकू म्हणाल्या.

ती पोर रडायच्या बेताला आलेली. मी वैतागून बरणी शोधायला कडेला गेले. बरणी ज्या दगडाला टेकवली होती तो दगडच सापडेना. वाकून हात घातला तर तो कोपरापेक्षा खोल होता. मी वर बघितलं. आसरा फरशीवर कोरड्या ठणठणीत, फुलं माळून बसलेल्या. उंबराच्या मुळांकडे बघितलं. मुळं दिसतच नव्हती.

ठकूबाईला काही सांगावं लागलं नाही, माझ्या तोंडाकडे बघूनच ती उठली. आम्ही ओरडलो नाही. ओरडलं की बायका पिशव्या गोळा करायला धावतात. जोड्या धरा आणि निघा, एवढंच सांगितलं. ओढ्यातले दगड पाण्याखाली गेले होते. गाडीतला दोर आमचा ड्रायव्हर बाळू याने गाडीकडच्या काठावरच्या झाडाला बांधला आणि टोक आमच्याकडे फेकलं, ते ठकूबाईने कंबरेला गुंडाळून धरलं. एकेक जोडी दोराला धरून गेली. पाणी मांडीपर्यंत, मग कंबरेपर्यंत. गाडीकडच्या वाटेवर दुसऱ्या कुठल्या सहलीतले दोघे-तिघे उभे होते. त्यांचे दोन्ही हात मोकळे नव्हते, मोबाईलमध्ये गुंतले होते. मी त्यांना काय बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

शेवटच्या जोडीत पुष्पाकाकू आणि तीच सून. मधोमध काकूंचा पाय सुटला. त्या पोरीने एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने काकूंची वेणी. बाळूने आत उतरून दोघींना ओढून काढलं. मग मी आणि ठकूबाई आलो. थोड्या वेळाने मागे वळून बघितलं तर बसायचा कातळ पाण्यात गेला होता.

काठावर आल्यावर काकू मांडी घालून चिखलात बसल्या आणि रडायला लागल्या. बरणी आईची होती म्हणून. मग त्या सुनेचं तोंड दोन्ही हातांनी धरून बसल्या. ज्या बाईच्या ताकाच्या भांडणाने आम्हाला वाचवलं तिच्याबद्दल सकाळपासून मी मनात जे जे म्हटलं होतं, ते सगळं तिथेच ओढ्यात सोडून दिलं.

आता तुम्हाला वाटेल, पुढे सगळे शहाणे झाले असतील. दोन दिवसांनी बातमी आली, 'अतिउत्साही महिला पर्यटक थोडक्यात बचावल्या.' अतिउत्साही! नाचत होतो जणू. बायकांच्या घरून फोन आले, बरोबर कुणी जबाबदार माणूस होता की नाही? मी सांगायची, होता ना, मी होते.

मी ग्रामपंचायतीत गेले. आसरा जुन्या जागी बसवा, एवढंच मागणं. तिथल्या कारभाऱ्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "ताई, देवीला परत चिखलात बसवायची का?" मी म्हटलं, ती चिखलात होती तोवर जागेवर होती. त्यांनी शेजारच्याकडे बघून डोळे मिचकावले. बाई नास्तिक दिसते, असा तो अर्थ. मग म्हणाले, जागा वनखात्याची आहे. खात्याच्या चौकीवर गेले तर ते म्हणाले, ओटा ग्रामपंचायतीचा आहे. नुसती टोलवाटोलवी. शेवटी एक पाटी मात्र तत्परतेने लागली: पर्यटकांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावे. देवीची जागा हलवताना कुणाची जबाबदारी होती, ते कुठल्याच पाटीवर नव्हतं.

ठकूबाई या सगळ्यात गप्प होती. देवीला तिनेच हौसेने वर चढवलं होतं. आता ती चुकीची जागा आहे असं म्हणायचं तर देवीचाही कोप आणि वाडीचाही. मी तिच्यावर रागावले नाही असं म्हणणार नाही. रागावले. दोन खेपा तिच्याशी बोललेही नाही.

मग एका रविवारी आम्ही ओढ्याच्या अलीकडेच थांबलो होतो. बायकांना मी पलीकडे नेणं बंद केलं होतं. तेवढ्यात पुण्याकडची मोठी सहल आली. रंगीत टी-शर्ट घातलेला त्यांचा पोरगेलासा गाईड कातळावर उभा राहिला आणि मोठ्याने सांगू लागला: मित्रांनो, इथला एक पारंपरिक नियम आहे. आसरांचे पाय भिजले की उठायचं, मग ताटात काहीही असो. तोवर एन्जॉय करा.

शब्द न् शब्द ठकूबाईचे. पोरगा वाईट नव्हता. गेल्या साली येऊन त्याने तिचा व्हिडिओ काढून नेला होता, तो हजारो लोकांनी बघितला होता. मोठ्या श्रद्धेने तो ते वाक्य सांगत होता. आणि त्याची सगळी माणसं मान वर करून फरशीवरच्या त्या कोरड्या पायांकडे बघत होती.

मी पलीकडे जाऊन त्याला झापलं. तो नम्रपणे म्हणाला, मॅडम, मी इथल्या लोकांकडूनच शिकलोय. पाऊस थांबलेला होता म्हणून त्या दिवशी निभावलं.

परत आले तर ठकूबाई दगडावर बसलेली. म्हणाली, "ताई, माझ्या तोंडचं वाक्य हाय ते. आता त्येच मानसं बुडवनार."

"मग वरच्या खाली आणायच्या का?" मी विचारलं.

"त्यांचं पाय सिमेटात गाडल्यात. त्या काय येत न्हाईत." एवढं बोलून तिने पदर खोचला आणि ओढ्यात उतरली.

एकेक दगड निवडत होती. उभट, बसके नकोत. मीही उतरले, माझ्या मागून गाडीतल्या बायका उतरल्या. सात दगड आम्ही पलीकडे नेऊन उंबराच्या मुळांत जुन्या खळग्यांत बसवले. खळगे अजून होते, दगडांची वाट बघत असल्यासारखे. ठकूबाईने घरून शेंदूर आणि तेल आणलं. ती काही मजेने करत नव्हती, आपल्या हाताने देवी मांडणं म्हणजे काय याचं तिला भय होतं. एका बाईने हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून तिथे ठेवल्या. तेवढ्याने ते दगड दगड राहिले नाहीत.

वाडीत बोलणी बसली. म्हातारीने दुसरा देव मांडला, खऱ्या आसरा वरच्या की खालच्या, पंचायत भरली. ठकूबाईला ओट्यावरच्या पूजेतून काढलं. आयुष्यभर जिने दिवा लावला तिला सांगितलं, तू खालीच बस. ती खाली बसली. पण शेंदूर लागलेला दगड उचलून फेकायची छाती कुणाची झाली नाही. आपल्या लोकांच्या एवढ्या एकाच गुणावर माझा भरवसा होता.

पुढच्या पावसाळ्यात भर श्रावणातला एक रविवार. कातळावर आमची सहल, तीच पुण्याची सहल आणि तोच पोरगा. भुरभुर होती, सगळं छान होतं. पाणी खालच्या आसरांच्या पायाला लागलं. ठकूबाई उभी राहिली आणि तिने फक्त हात वर केला. माझ्या बायका उठल्या. त्या पोराने खाली बघितलं, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं, आणि त्याचीही सगळी माणसं उठवली. अर्धवट खाल्लेली कणसं तशीच राहिली. सगळे दगडांवरून पाय टाकत अलीकडे आले आणि मग पाणी चढलं. कातळ पाण्याखाली गेला, उंबराचा बुंधाही बुडाला. वर पत्र्याखाली फुलं माळलेल्या आसरा होत्या तशाच कोरड्या.

आणि मग काय झालं? त्या दोन्ही सहलींतली माणसं हात जोडून उभी राहिली, वरच्या ओट्याकडे तोंड करून. देवीने वाचवलं म्हणाली. पाणी उतरल्यावर काही जण मुद्दाम जाऊन दानपेटीत नोटा टाकून आले. ठकूबाई त्यांच्या बाजूलाच भिजलेली उभी होती, तिला कुणी विचारलंही नाही. मी तावातावाने निघाले, तर तिने माझा हात धरला. "जाऊ द्या ताई. चालत घरला चालल्यात न्हवं?" तिला राग आला नाही. मला आला, आणि अजून आहे.

आता ओट्यावर नवी कमान झाली आहे. कमानीवर लिहिलंय, जागृत देवस्थान. अजून सुशोभीकरण होणार असं ऐकते. मी गुडघ्यांमुळे जात नाही, ठकूबाई गेल्या हिवाळ्यात गेली. खालच्या सात दगडांना दर पावसाळ्याआधी शेंदूर लावायला कोपरगावच्या पुष्पाकाकू आणि केडगावची ती सून दोघी मिळून जातात. परक्या सासू-सुनेची ती जोडी काही तुटली नाही.

तुम्ही जाल तेव्हा वर अवश्य जा. घंटा वाजवा, फोटो काढा. पण कातळावर बसाल तेव्हा वर बघू नका. उंबराच्या मुळांत बघा. तिथे ना पत्रा आहे, ना फरशी, ना कुणाचं नाव. त्यांचे पाय भिजले की उठा. ताटात काय बी असू द्या.